दुसऱ्या माणसाचा पाय

जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, असं गाडीसोबत आलेल्या पुस्तकात छापलेलं होतं. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून निप्पलचा, म्हणजे हवा सुटायच्या तोंडाचा, नट खोलायचा. माझ्या घरमालकीण सिस्टरबाईंनी त्या ओळीतल्या 'दोन'वर बॉलपेननं काट मारून वर 'एक' लिहिलं होतं आणि बाजूला, केसपेपरवर करतात तशी, सही आणि तारीख. ती तारीख माझ्यामुळे पडली. पुस्तकातून कमी झालेला तो दुसरा माणूस म्हणजे मी.

माझ्याकडे मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी आहे. हे मी आता फारसं कुणाला सांगत नाही. नोकरी मी एका कंपनीत, लोकांनी केलेल्या कामाचे तक्ते भरण्याची करतो. स्वतः काम करण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो. सिस्टरबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या तेव्हा मात्र ही पदवी मी पहिल्याच वाक्यात काढली होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे. नखं स्वच्छ होती. मला वाटलं, नर्सबाई आहेत, खूश होतील.

"इंजिनेर आहे म्हणते, अन् हाताले ऑइल नाई लागलं कधी," त्या म्हणाल्या. "राहा. पण मले बाई म्हणायचं, आन्टी म्हणशील तर सामान बाहेर ठेवीन."

त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. शेवटपर्यंत 'इंजिनेर'च. ती हाक त्या इतक्या गंभीरपणे मारत की चेष्टा आहे की मान, हे तीन वर्षांत मला कळलं नाही. गल्लीतली इतर माणसं हसायची, त्यावरून अंदाज यायचा.

सिस्टरबाई मूळच्या उमरेडकडच्या. उभी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात केली आणि मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की "ड्यूटी होती," एवढंच सांगायच्या. गाडी त्यांच्याकडे आली ती एका सर्जनकडून. ते गाव सोडून जाताना म्हणाले होते म्हणे, की हिला सिस्टरच जगवतील. पांढरी, गोल नाकाची, एके काळी कलेक्टरही जीतून फिरायचे आणि स्टेशनवरची टॅक्सीही तीच असायची, ती गाडी. सिस्टरबाई सत्तरीला टेकल्या होत्या तरी दर रविवारी ती एकट्यानं चालवत बाजारात जायच्या आणि एवढ्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन जुड्या मेथी बसवून आणायच्या.

गाडीचं सगळं काम त्या स्वतः करत, आणि ते थिएटरातल्यासारखं. अंगणात आधी पाणी मारायचं. मग स्टुलावर हिरवा कपडा, त्यावर स्टीलचा ट्रे, ट्रेत अवजारं ओळीनं. पाने आठ, पेचकस दोन, पक्कड एक, हातोडी एक आणि सुती चिंध्या सहा. एकूण अठरा. काम सुरू करण्याआधी मोठ्यानं मोजायचे आणि काम संपल्यावर पुन्हा मोठ्यानं मोजायचे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर बॉनेट लागायचं नाही.

"पोटात बोळा राहिला तर माणूस जाते," त्या सांगायच्या. "मशीनमध्ये चिंधी राहिली तर मशीन जाते. मोजणं काही अपमान नसते गा."

एकदा मोजणी सतरावर अडली. सोमवार होता, मला नऊला ऑफिसात पोचायचं होतं. बाईंनी फाटकाला कडी घातली आणि कुणालाही बाहेर जायला मनाई केली. कुणालाही म्हणजे मला, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. आम्ही गाडीखाली पाहिलं, कुंड्या हलवल्या, नाली तपासली. साडेदहाला हरवलेली चिंधी माझ्याच खिशात सापडली. मी तिनं चष्मा पुसला होता. बाईंनी ट्रेत चिंधी ठेवली, "अठरा" म्हणाल्या आणि फाटक उघडलं. त्या दिवशी चष्म्यावर आलेला तेलाचा पडदा आठवडाभर गेला नाही आणि मला सगळं नागपूर धुक्यात दिसत होतं.

जगातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान त्यांनी दोन भागांत वाटलं होतं. एक तर गळती, नाहीतर हवा. नगरसेवक, दूधवाला, टीव्हीवरचे तज्ज्ञ, कुणाचंही नाव निघो, त्या डोळे बारीक करून म्हणायच्या, "याच्या लायनीत हवा आहे." मला एकदा अर्थ विचारायची दुर्बुद्धी झाली. "नळीत तेल भरलं असलं की इकडे दाबलं का तिकडे चाक थांबते," त्यांनी समजावलं. "मधात हवा असली का दाबणारा दाबत राहते, हवा चेपत राहते, अन् चाक फिरत राहते. माणसाचंही तसंच. वरून कडक दिसते, दाबलं का खाली जाते." मग "तुहं म्हणून नाई सांगून राहिली," असंही म्हणाल्या. त्यामुळेच मला कळलं की माझंच सांगत होत्या.

आणखी एक नियम होता, शब्दांचा. थिएटरात जे झालं नाही ते 'झालं' म्हणायचं नाही. आता माझी सगळी कारकीर्द 'झालंच' या शब्दावर उभी आहे. आमच्या ऑफिसात कामाला हात लावण्याआधी 'झालंच सर' म्हणायची पद्धत आहे. साहेबांनाही ते ठाऊक असतं, कारण तेही त्यांच्या साहेबांना तेच सांगत असतात. घरी येताना आपण फाटकाबाहेरही पडलेलो नसतो आणि फोनवर 'पोचलोच' म्हणतो. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो, फक्त समोरच्याला बरं वाटावं. बाईंना हे अजिबात खपायचं नाही. "पाण्याची मोटर बंद केली का?" "केलीच बाई." "केली का करून राहिला?" "करतो." "मग करतो म्हण न." असं आमचं रोज चालायचं.

ब्रेकची हवा वर्षातून एकदा काढायची, आणि पहिली दोन वर्षं दुसरा माणूस म्हणून पाय माझा असे. मी सीटवर, बाई चाकापाशी पाटावर. त्या ओरडायच्या "दाब." मी पेडल दाबून "धरला" म्हणायचं. मग त्या नट खोलणार, जुनं काळपट तेल आणि त्यातले बुडबुडे वाटीत पडणार, पेडल माझ्या पायाखाली हळूहळू खोल जाणार. नट आवळून झाला की त्या म्हणणार "सोड." तेव्हाच पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला तर नळी उलटी हवा ओढते. कामाला फक्त तीन शब्द आणि एक पाय लागतो. अभियांत्रिकीची चार वर्षं आणि एक पाय एवढं भांडवल मी लावत होतो.

सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून. बाई म्हणायच्या, वॉर्डातही दाराजवळचा पेशंट ओरडतो म्हणून त्याच्याकडे आधी जायचं नसतं, कोपऱ्यातला गप्प असतो त्याला आधी पाहायचं.

तिसऱ्या वर्षी आम्ही मे महिन्यातल्या शनिवारी बसलो. दुपारचे चार. नागपुरात मेमध्ये चारला ऊन उतरतं असं कुणी म्हणत नाही. तीन चाकं झाली होती. शेवटचं, पुढचं उजवं उरलं होतं. बाईंनी नट खोलला, वाटीत तेल पडू लागलं, आणि माझ्या मागच्या खिशात फोन वाजला. साहेबांचा होता. फोन काढायला मी कंबर उचलली, आणि कंबरेबरोबर पाय उचलला गेला.

"तो तक्ता?" साहेब म्हणाले.

"झालंच सर," मी म्हणालो.

"धरून आहे न?" खालून बाई म्हणाल्या.

"धरला, धरला," मी म्हणालो.

एका श्वासात मी दोघांनाही उत्तर दिलं आणि दोन्हीकडे ते खोटं होतं. तेल थांबलं, पण पेडल तळाशी गेल्यावर तेल तसंही थांबतंच, त्यामुळे बाईंना शंका यायचं कारण नव्हतं. त्यांनी नट आवळला. "सोड," म्हणाल्या. सोडायला काही उरलंच नव्हतं.

मी पुन्हा पेडल दाबून पाहिलं. अर्ध्यापर्यंत ते गादीवर बसल्यासारखं गेलं. मला कळलं. हे मी आज कबूल करतो, मला त्याच क्षणी कळलं. पण सांगितलं असतं तर चाक पुन्हा करावं लागलं असतं, अजून अर्धा तास, आणि साहेबांचा तक्ता, आणि ते ऊन, आणि मुख्य म्हणजे चिंधीच्या प्रकरणानंतर मला आणखी एक चूक परवडणारी नव्हती.

"कडक लागते न?" बाईंनी विचारलं. एरवी त्या स्वतः सीटवर बसून पाहायच्या. पण दोन तास पाटावर बसून त्यांचा गुडघा धरला होता, खिडकीला धरून कशाबशा उभ्या राहिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दुसऱ्याच्या शब्दावर काम बंद करत होत्या.

"एकदम कडक," मी म्हणालो.

त्यांनी अठरा मोजले आणि बॉनेट लावलं.

रविवारी सकाळी गाडी पोर्चच्या उतारावरून निघाली ती थांबलीच नाही. मी दात घासत खिडकीत उभा होतो. बाईंनी ब्रेक दाबलेला मला दिसला, मग त्यांचा चेहरा दिसला, मग त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी रस्ता ओलांडून समोरच्या वकीलसाहेबांच्या खिडकीबाहेरच्या कूलरच्या स्टँडला टेकली. गाडीला ओरखडाही आला नाही. कूलर मात्र पाण्यानं भरलेला होता, तो थोडा विचार करून खिडकीत आडवा झाला. आत वकीलसाहेब त्याच खिडकीला डोकं लावून झोपले होते. ते बनियनवर, ओलेचिंब, हातात उशी घेऊन बाहेर आले. सगळी गल्ली जमली. कुणाला काही लागलं नव्हतं, पण मे महिन्यात नागपुरात एखाद्याचा कूलर पाडणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

दुपारपर्यंत बाईंचा भाचा आला. बहिणीचा मुलगा, पन्नाशीचा, पारशिवनीकडे शेती, सज्जन माणूस. मावशीवर त्याचा जीव होता, म्हणूनच घाबरला होता.

"मावशी, आता बस झालं न," तो म्हणाला. "आज कूलर होता, उद्या लेकरू राहीन."

"निप्पलचा नट मी सोता आवळला होता," बाई म्हणाल्या.

"आवळला असशील. पण वय झालं आता. हाताले पयल्यासारखा जोर राहते का?" आणि तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा न. तुम्ही तर इंजिनेर आहात."

मी मान डोलावली. खोटं तर मी आधीच बोललो होतो. पण ती मान डोलावणं त्याहून वाईट होतं. बाईंनी ते पाहिलं. पर्समधून चावी काढली आणि भाच्याच्या हातावर ठेवली. त्यानं जाताना ती माझ्याकडे दिली. "तिच्याजवळ नको. तुमच्यासारख्या जबाबदार माणसाजवळ राहू द्या," म्हणाला. मी ती टेबलाच्या खणात, पदवीच्या फाइलवर ठेवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवले की अजूनही लाज वाटते. बाई दूधवाल्याशी भांडेनाशा झाल्या. गॅस बंद केल्यावर परत जाऊन पाहायच्या, मग आणखी एकदा जायच्या. सकाळी उजेडात दोन्ही हात समोर धरून बोटांकडे बघत उभ्या राहायच्या, थरथरतात का ते पाहायला. ज्या हातांनी उभा जन्म उघड्या पोटांपाशी कात्र्या दिल्या, एकही बोळा कधी मागे ठेवला नाही, त्या हातांवरचा त्यांचा भरोसाच गेला होता. एकदा गोळ्यांची पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. "इंजिनेर, यावरची तारीख वाच बरं." मी वाचली. त्यांना ती दिसत होती. फक्त खात्री नव्हती.

आणि मग हळूच विचारलं, "त्या दिवशी माहा नट ढिला राहिला असन का गा?"

"असेल बाई," मी म्हणालो. "होतं कधी कधी."

दोन जुड्या मेथी आता मीच आणत होतो. मला वाटायचं, भरपाई होते आहे.

मग भाच्यानं गाडीची सोय लावली. शहराबाहेर लग्नाची लॉन आहेत, त्यातल्या एका मालकाला प्रवेशाजवळ ठेवायला जुनी गाडी हवी होती. इंजिन काढायचं, फुलं लावायची, नवरानवरी टपावर हात ठेवून फोटो काढणार. लॉनचा माणूस शनिवारी न्यायला येणार होता. बाई "बरं" म्हणाल्या. त्यांनी 'बरं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या, हातात हिरव्या कपड्यात बांधलेला ट्रे. टेबलावर ठेवला, गाठ सोडली.

"हे तू ठेव. ड्यूटी संपली का चार्ज द्या लागते," त्या म्हणाल्या. "मोजून घे."

मी मोजू लागलो. पाने आठ. प्रत्येक पाना पुसलेला. पेचकस दोन, पक्कड, हातोडी. चिंध्या धुऊन घडी घातलेल्या, इस्त्री केलेल्या. चिंध्यांना इस्त्री! चौथ्या चिंधीवर मी थांबलो.

"मोज न," त्या म्हणाल्या. "काहून थांबला?"

"बाई, मी पाय सोडला होता."

"काय?"

"नट उघडा होता तेव्हा. फोन आला साहेबांचा. मी पाय उचलला आणि धरला म्हणालो. पेडल मऊ लागत होतं, ते मला कळलं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी कडक आहे म्हणालो."

त्या स्टूल ओढून बसल्या. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगताना मी रडत होतो, हे लिहायला हरकत नाही. मला वाटलं होतं आता सामान बाहेर जाणार. मनातल्या मनात मी माझा कूलर कशात न्यायचा याचाही विचार केला होता, माणसाचं मन असं असतं. पण बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. आधी पंजे, मग उलटे करून तळवे.

"म्हणजे नट बरोबर होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"माहा हात बरोबर होता."

"हो बाई. तुमचा हात बरोबर होता."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या रडत होत्या, आणि रागानं नव्हे, हे मला उशिरा कळलं. मग हात खाली आले आणि जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. त्यातलं सगळं छापण्यासारखं नाही. माझ्या पदवीचा, माझ्या कॉलेजचा, ज्यानं मला पास केलं त्या मास्तरचा त्यात उल्लेख होता. गल्लीत दिवे लागले. वकीलसाहेब गॅलरीत येऊन ऐकत उभे राहिले. सगळं संपल्यावर त्यांनी दम घेतला आणि विचारलं, "चाबी कुठं आहे?"

मी खण उघडून दिली.

"तुह्यापाशी होती?" त्या म्हणाल्या. आणखी दहा मिनिटं.

मग शिक्षा. पहिली, त्यांनी भाच्याला फोन लावून माझ्या हातात दिला. "सांग." मी त्यालाही सगळं सांगितलं. तो सज्जन माणूस फक्त "अरे बापरे" म्हणाला, आणि ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दुसरी, माझा कूलर वकीलसाहेबांकडे गेला. मी आणि ते, दोघांनी उचलून नेला. उरलेला उन्हाळा मी ओल्या चादरीखाली काढला. पंख्याची गरम हवा अंगावर घेत पडलो की समोरून माझ्याच कूलरचा ओळखीचा आवाज यायचा.

शनिवारी सकाळी लॉनचा माणूस साखळी घेऊन आला तेव्हा अंगणात पाणी मारून झालं होतं. "पेशंट बरा झाला," बाईंनी त्याला फाटकातून सांगितलं. "फुलं दुसऱ्या कोणाले लाव." आणि मला पायरीवर बसवलं, गाडीपासून दहा हात लांब. "दोन्ही पाय मले दिसले पायजे. फोन घरात ठेव."

त्या आदल्या संध्याकाळीच औषधाच्या दुकानात जाऊन सलाइनची नवी नळी घेऊन आल्या होत्या. दुकानदारानं विचारलं, पेशंट कोण? या म्हणाल्या, "चार आहेत, अन् चौघायच्याही पोटात हवा." नळीचं एक टोक निप्पलला, दुसरं काचेच्या बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. तोंड तेलात बुडलेलं असलं की पाय सुटला तरी नळी तेलच ओढते, हवा नाही. दुसऱ्याच्या पायाचा प्रश्नच मिटला. आता राहिलं बुडबुडे बघायचं. त्यासाठी त्यांनी कपाटातला हात-आरसा आणून विटेला टेकवून बाटलीसमोर उभा केला, पुढचं डावं दार उघडं ठेवलं आणि सीटवर जाऊन बसल्या. हळूहळू पेडल दाबायचं, आरशात पाहायचं. दाबायचं, पाहायचं. दर चाकाला उतरायचं, बाटली हलवायची, आरसा वळवायचा, पुन्हा चढायचं. गुडघा बोलत होता, तो मला पायरीवर ऐकू येत होता. मी दोनदा उठलो. दोनदा "बस" म्हणाल्या.

मला मदत करू दिली असती तर मला किती बरं वाटलं असतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच करू दिली नसावी.

चौथ्या चाकाचे बुडबुडे थांबले. त्यांनी नट आवळला, नळी काढली, सांडलेल्या तेलावर लगेच पाणी ओतलं, कारण ब्रेकचं तेल रंग खातं. मोजलं, अठरा. मग पुस्तक उघडून ती ओळ दुरुस्त केली, सही, तारीख. आणि मला म्हणाल्या, "बस गाडीत."

"मी कशाला बाई?"

"मी चुकली असन तर तू बी संगच."

आम्ही शहराच्या पश्चिमेला टेकडीवर गेलो. नागपूर सपाट आहे, उतार म्हणून जो काही आहे तो तिथेच. माथ्यावर त्यांनी गाडी उभी केली. खाली रस्ता सरळ उतरत होता आणि पायथ्याशी एक मोठा कडुनिंब होता.

"त्या निंबापाशी थांबवतो," त्या म्हणाल्या. असं ठासून बोलायचं असलं की त्या पुरुषासारखं 'थांबवतो' म्हणायच्या. "भेव वाटते?"

"नाही बाई."

"पुन्हा."

"वाटतं."

"हं," त्या म्हणाल्या आणि हँडब्रेक सोडला.

गाडी जड होती आणि उताराला तिचं वय कळत नव्हतं. वेग वाढला, खिडक्या खडखडू लागल्या, कडुनिंब मोठा मोठा होत आला. मला खात्री होती की बाईंचं काम बरोबर आहे. तेवढीच खात्री मी पाय सोडला त्या दिवशी त्यांनाही माझ्याबद्दल होती. मग गाडीचं नाक खाली झुकलं, मी पुढे गेलो आणि परत मागे आलो. सगळं शांत झालं. काचेसमोर हातभर अंतरावर झाडाचं खोड होतं, त्यावर एक मुंगळा चढत होता.

मला वाटलं आता त्या काहीतरी जिंकल्यासारखं बोलतील. पण त्या झाडाकडे पाहतच नव्हत्या. खाली, माझ्या पायांकडे पाहत होत्या. मीही पाहिलं. माझ्या बाजूला पेडल नाही, काहीच नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्यावर माझा उजवा पाय सगळा जोर लावून दाबलेला होता. चटई गोळा झाली होती, गुडघा ताठ, पोटरीला पेटका आलेला.

"धरला?" बाईंनी विचारलं.

"धरला," मी म्हणालो.

त्यांनी खाली वाकून नीट पाहून घेतलं.

"मग सोड आता."

मला तो सोडायला बराच वेळ लागला. त्या इंजिन बंद करून थांबल्या.